शाहूपुरीच्या गोदामातला माझा हात

मैत्रिणीनं फोटो पाठवला: टेबलावर चहाचे कप, मागच्या खोलीत भिंतभर व्हिडिओ. कोल्हापुरातल्या एका चित्रकर्तीचं प्रदर्शन. शनिवारी सकाळीच स्वारगेटहून एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, वाटेत नाश्त्याला एक थांबा, दुपारी कोल्हापूर. आधी तांबडा-पांढरा ओरपून घ्या, मग बाकीचं.

स्टँडपासून शाहूपुरी चालत जाण्याइतकी जवळ. पानवाल्याला पत्ता विचारला.

"भांड्यांचं प्रदर्शन व्हय? जावा की पावणं, चहा फुकट हाय!"

गुळाचं जुनं गोदाम होतं, भिंतींना अजून गोडसर वास. छताला बादल्या, गाळण्या, झिजलेले खराटे टांगलेले. टेबलावर किटली, चिनी मातीचे कप आणि कडेला पोचा आलेला एक स्टीलचा पेला. शेजारी पदर खोचून बसलेली पन्नाशीची बाई म्हणाली, "तुम्ही घ्या, मलाबी द्या की वाईच."

मी माझा कप भरला. तिला पेला दिला.

आतल्या खोलीत तो व्हिडिओ. नुसते हात. एकामागून एक हात कपांवरून फिरत जाऊन पेला उचलत होते. शेवटचा हात माझा होता. हिरव्या पट्ट्याच्या घड्याळासकट. कपांपाशी तो क्षणभरही थांबला नव्हता.

'आत चित्रीकरण चालू आहे' ही दारावरची पाटी मी तेव्हा कुठे वाचली. चित्रकर्ती म्हणजे आता माझ्या मागे येऊन उभी राहिलेली तीच बाई, हेही तेव्हाच कळलं.

"माझ्या लक्षातच आलं नाही हो," मी म्हणाले.

"न्हाईच येत कुणाच्या. माझी आई लोकांची धुणीभांडी करायची. तिचा पेला मोरीच्या खिडकीत असायचा. त्यांच्याबी लक्षात न्हवतं." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "व्हिडिओतनं पुसायचा का तुमचा हात?"

नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "हो. पुसा."

तिनं पुसला.

रंकाळा, अंबाबाई सगळं राहिलं. परतीच्या एसटीत तिला पेला दिल्यापेक्षा मला तो हात पुसून घेतल्याचीच जास्त लाज वाटत होती. चूक नकळत झाली होती, पळ मात्र मी जाणूनबुजून काढला होता.

सोमवारी सुमनताई कामाला आल्या. आमच्याकडे त्यांना नऊ वर्षं झाली. मी कपाटातले निळ्या फुलांचे दोन कप काढले, चहा ओतला, एक त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी हात लावला नाही. बाहेरच्या खोलीत डोकावून हळूच विचारलं, "कोण पाहुणे आलेत, ताई?"