बोलायला जागा न ठेवणारा माणूस

निर्दोष राहण्याचा माझ्या थोरल्या मामाइतका चंग बांधलेला माणूस दापोडीपासून चाकणपर्यंत शोधूनही सापडणार नाही. कंपनीची बस सहाला येते, म्हणून हा सव्वापाचलाच रस्त्यावर उभा. चाकणच्या कारखान्यात गिअरचे भाग तपासायचं त्याचं काम. अंगावर दिवसभर कंपनीचा निळा कोट, तरी आतल्या शर्टाला कडक इस्त्री हवीच. "आतलं कोण बघतंय?" असं मामी दर रविवारी विचारते, आणि तो मान खाली घालून कॉलर दाबत राहतो. बारसं कुणाचंही असो, मामा शेवटची पंगत उठेपर्यंत वाढणार, मग सतरंज्या झाडणार आणि मग मांडववाल्याची माणसं दमलीत म्हणून खुर्च्याही टेम्पोत चढवणार. मांडववाला त्याला आपलाच माणूस समजून चहा देतो.

एक भाग एकदा मोजला की झालं, अशी त्याच्या खात्यातली रीत. मामा मोजतो, पुसतो, पुन्हा मोजतो, आणि खाली ठेवलेला परत उचलतो. बरोबरचे चिडवतात, "राव, लोखंडाचा हाय तो, सोन्याचा न्हाई." तो हसतो आणि पुन्हा मोजतो. मीही हसायचे. मग एकदा मटार सोलता सोलता त्याने भोसरीच्या वर्कशॉपमधली गोष्ट सांगितली. तो तेव्हा नवा होता. एका आठवड्यात दोघांच्या हातून माल बिघडला होता, आधी त्याच्या दोस्ताच्या आणि मग त्याच्या. दोस्ताला साहेब म्हणाले, रात्री झोप झाली नाही वाटतं. मामाला म्हणाले, कोट्यातून आलेल्यांचं असंच असतं. पत्र्याच्या शेडमधलं चार लेथचं खाजगी वर्कशॉप, तिथे कोटा आणायचा कुठून? पण हे त्यांना विचारणार कोण.

"त्याची चूक त्याची एकट्याची होती," मामा म्हणाला. "माझी चूक आपल्या सगळ्यांची झाली. तेव्हाच ठरवलं, बोलायला जागाच ठेवायची नाही."

त्यानंतर त्याने ती जागा बुजवायला घेतली ती आजतागायत. सणासुदीला दुसऱ्याची शिफ्ट हा करणार, ओव्हरटाइमला नाही म्हणणार नाही, ताप आला तर तो रविवारी काढणार. त्याने हाताला धरून शिकवलेला पोरगा त्याच्या डोक्यावर साहेब होऊन बसला, तेव्हा अख्ख्या खात्याला पेढे मामाने वाटले. त्या संध्याकाळी त्याची मान ताठली आणि डोकं ठणकायला लागलं. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या. त्या मामा घरी चोरून खायचा आणि सकाळची पाळी असली की कामावर न्यायला नकोत म्हणून बुडवायचा, कारण आजारी माणूस म्हटलं की पुन्हा बोलायला जागा. मी त्याच्यावर चिडले. मारत्याचा हात धरता येतो, बोलत्याचं तोंड धरता येत नाही, असं आजीच्या थाटात सुनावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मला चहा करून दिला.

आणि मग कंपनीची वार्षिक तपासणी आली. मामाच्या लेखी ही परीक्षाच. दाढी झाली, इस्त्री झाली, आणि रक्तदाब नापास होऊ नये म्हणून आठवडाभर बुडवलेल्या गोळ्या त्याने त्या सकाळी एकदम घेतल्या. दिवसाचं काम राहिलं तर जास्त काम करून भरून काढायचं, हाच नियम त्याने गोळ्यांनाही लावला. तपासणीच्या रांगेत तो उभ्याउभ्या कोसळला.

दवाखान्यात तो शुद्धीवर आला, पण मूत्रपिंडांना बरीच इजा झाल्याचं कळलं, आणि ती त्या एका सकाळची नव्हती. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की माणूस वर्षानुवर्षं भांडायच्या तयारीत राहिला की रक्तदाब खाली यायचं विसरतो. हे असंच चालू राहिलं तर पुढे डायलिसिस. "काका, एवढं भांडण कुणाशी?" त्यांनी विचारलं.

"कुणाशीच नाही, मॅडम," मामा घाईने म्हणाला. "माझं कुणाशी वाकडं नाही." ते खरंच होतं. मला रडू आलं आणि संतापही आला, आणि संताप काढायला समोर कुणीच नव्हतं.

आता तो घरी असतो. रोज सकाळी मी रक्तदाब मोजायचं मशीन घेऊन जाते. डॉक्टरांनी सांगितलंय, टेकून बसायचं, हात सैल सोडायचा. मामा अंघोळ करून, शर्टाचं वरचं बटण लावून ताठ बसलेला असतो. काल मी पट्टा बांधला आणि म्हटलं, "मामा, हात सोड."

"सोडलाय की." हात लाकडासारखा कडक होता. मशीन गुरगुरलं, आकडा आला, वरचाच. त्याने तो माझ्या तोंडावरून ओळखला आणि एवढंसं तोंड केलं.

"परत घे," तो हळूच म्हणाला. "या वेळी नीट करतो."

"तुझं काही चुकलं नाही, मामा," मी म्हणाले. असं त्याला आजवर कुणी म्हणालं नसावं. त्याने माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं. मी पट्टा सोडला आणि त्याचा हात माझ्या मांडीवर घेतला. मामी आत भाकरी थापत होती. खूप वेळाने त्याची बोटं थोडी उघडली.