अंगठ्यातली सुई

ओद्रुन एकोणीस वर्षं माशांना टोचत होती. दूर उत्तरेतल्या हेल्गेलांडच्या किनाऱ्यावरच्या मत्स्य-उबवणी केंद्रांतून तिची सात जणांची टोळी फिरायची. गुंगी दिलेली सॅल्मनची पिल्लं टेबलावर यायची. डाव्या हातात पिल्लू धरायचं, उजव्या हातातल्या पिचकारीने पोटात लस द्यायची आणि नळीत सोडून द्यायचं. तासाला दीड हजार. लस चुकली तर समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यांत गेल्यावर अंगावर फोड येऊन पिंजरेच्या पिंजरे मरतात, हे तिने पाहिलं होतं. कामाचा तिला अभिमान होता आणि, खोटं कशाला सांगायचं, थोडा माजही होता.

गेल्या वर्षी सुई तिच्याच बोटात गेली. तिने कोणालाच सांगितलं नाही. बोट सुजलं, अंगावर गांधी उठल्या, तेव्हा रजा काढून दूरच्या गावी डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, "या लसीची तुम्हाला ॲलर्जी आहे. पुन्हा टोचलं तर श्वास बंद पडेल. हे काम सोडा." ओद्रुनने मान डोलावली आणि सोमवारी परत टेबलाशी उभी राहिली. तेव्हापासून प्रत्येक पिल्लू ती सुईपासून बोटं लांब ठेवून धरायची.

आज एक पिल्लू अर्धवट जागं होतं. त्याने शेपटी झटकली आणि सुई हातमोज्यातून अंगठ्यात शिरली.

टोळीचा नियम साधा होता: टोचलं की ओरडायचं आणि त्रास होतोय का ते कळावं म्हणून सगळ्यांसमोर अर्धा तास बसून राहायचं.

"काय गं, थांबलीस का? म्हातारी झालीस वाटतं!" शेजारून मुकादम यार्ले ओरडला.

"तुझं थोबाड बघून मासेच थांबलेत," असं म्हणत तिने पुढचं पिल्लू उचललं.

सांगितलं तर मागचं सगळं बाहेर येणार, टेबल कायमचं सुटणार. दहा पिल्लं झाली. वीस झाली. तळहात खाजू लागले, ओठ जड झाले. आता मात्र तिला मरणाची भीती वाटली. यार्लेला हाक मारायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना.

तिने पिचकारी जमिनीवर आपटली. असं कोणी कधी करत नसे. तिचा चेहरा पाहून यार्ले भिंतीवरच्या औषधपेटीकडे धावला. तिला आडवं करून त्याने तिच्या मांडीत ॲलर्जीवरचं इंजेक्शन दिलं, पाय उंच धरले आणि तो रडवेल्या आवाजात शिव्या देत राहिला.

हळूहळू छातीत हवा शिरू लागली. बाहेर टोळीतल्यांनी बोलावलेली रुग्णवाहिका-बोट धक्क्याला लागत होती.

"घाबरू नकोस," यार्ले म्हणाला. "पहिल्यांदाच टोचलंय ना? डॉक्टर विचारतील."

हो म्हणावं, असं अजूनही तिच्या मनात आलं. तिने त्याची बाही घट्ट धरली.

"दुसऱ्यांदा," ती म्हणाली.