जिन्यात कोणीतरी आहे

सुरतेत सगळ्यात जास्त खोटं कोण बोलत असेल, तर आमच्या शेजारच्या सिस्टरमावशी. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. पुढारी निवडणुकीपुरतं खोटं बोलतात, गिरणीमालक बोनसपुरतं. मावशी रोज बोलायच्या, तेही पांढऱ्याशुभ्र साडीत. आमच्या घरी देव्हाऱ्याच्या जागी पत्रकांचा गठ्ठा असे आणि मी अक्षरं ओळखायला शिकलो तीच ‘कामगार बंधूंनो’ या शब्दांवर. असत्याशी तडजोड नाही, हे मला दुधाबरोबर पाजलेलं. आणि भेस्तानच्या त्या चाळीत भिंतीला भिंत लागून राहायला मिळाल्या त्या या बाई!

त्यांचं खोटं एकच होतं. त्या इस्पितळात नर्स. त्यांच्या वॉर्डात कापडाच्या लूमवर काम करणारी परगावची माणसं यायची, ज्यांचं इथे कोणी नाही अशी. अशा माणसाचा श्वास लांबायला लागला की मावशी स्टूल ओढून बसायच्या, त्याचा हात हातात घ्यायच्या आणि म्हणायच्या, “घाबरू नको. तुझं माणूस आलंय, जिन्यात आहे.” वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे ते पटण्यासारखंही असे. सोबतच्या नर्सबाई चिडवायच्या, “सिस्टरबेन, तुमचा जिना एक दिवस कोसळणार हां! अर्धं ओरिसा नि सगळं खानदेश त्याच्यावर उभं आहे.”

एकदा हे अंगाशी आलं. एका बेशुद्ध पोराला अमळनेरच्या माणसाने आणून सोडलं होतं. पोरगाही खानदेशीच, असं धरून मावशी दोन दिवस त्याच्या कानाशी आपली घरची अहिराणी बोलत होत्या, “तुना भाऊ येई ऱ्हायना, जिनावर शे.” म्हणजे, तुझा भाऊ येतोय, जिन्यात आहे. तिसऱ्या दिवशी पोराने डोळे उघडले. तो निघाला ओडिया! खानदेशी पोरांच्या खोलीत राहून अहिराणी समजायला लागलेला. म्हणाला, “मौसी, मेरा तो भाई है ही नहीं. फिर सीढ़ी पर कौन खड़ा है?” मावशी “बघून येते” म्हणाल्या आणि जिना झाडणाऱ्या काकांनाच हाताला धरून आत घेऊन आल्या. “हा घे भाऊ.” पुढे तो पोरगा दर दिवाळीला त्या काकांकडे फराळाला जात असे.

एकदा कुठले तरी गुरुजी नर्सना अध्यात्मावर व्याख्यान द्यायला आले. त्यांनी छापील प्रश्न वाटले. ‘आपण रोज किती वेळ ध्यान करता?’ यापुढे मावशींनी लिहिलं, ‘ड्युटी असते.’ मला ते फार आवडलं. वाटलं, बाई आपल्या बाजूच्या आहेत. त्याच जोरावर विचारलं, “मग मरणाऱ्या माणसाला खोटं का सांगता? हा त्याचा अपमान आहे.”

त्या मेथी निवडत होत्या. “नवी होते तेव्हा मीही खरंच सांगायचे. ‘कोणी आलेलं नाही’ म्हणून. खरं बोलायला अनुभव लागत नाही रे. आता काढ माझ्याविरुद्ध पत्रक.”

मी काढलं नाही. कारण तोवर त्यांची एक सवय माझ्या लक्षात आली होती. ड्युटीवरून आल्या की कुलूप उघडण्याआधी त्या स्वतःच्याच दारावर दोनदा टकटक करायच्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. तेही तेव्हाच विचारलं, तर म्हणाल्या, “कोणीतरी येतंय, याची घराला सवय असावी.” मग मेथीकडेच बघत, “माझ्या वेळेला मला कोणी जिन्याचं सांगू नका. मला ठाऊक आहे, तिथे कोणी नसतं. तू खरं बोलणारा ना? मग तू ये. समोर दिसेल असा ये.”

“येईन,” मी म्हणालो. शब्दाचा पक्का म्हणून माझी ख्याती होती.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी त्या त्याच वॉर्डात दाखल झाल्या. त्या दुपारी मी हजीऱ्याला, कारखान्याच्या फाटकावर कंत्राटी कामगारांना पत्रकं वाटत होतो. त्यांचा श्वास लांबल्याचा निरोप आला तेव्हा हातात निम्मा गठ्ठा शिल्लक होता. सगळा वाटून निघालो. त्यात अर्धा तास गेला असेल.

तीन मजले मी धावत चढलो. खाटेशी एक नवखी नर्स उभी होती, डोळे लाल. “आत्ताच गेल्या,” ती म्हणाली. “सारख्या दाराकडे बघत होत्या. मला राहवलं नाही. म्हटलं, मावशी, तुमचा भाचा आलाय, जिन्यात आहे. तर हसल्या. म्हणाल्या, खोटारडी. आणि तरी दाराकडेच बघत राहिल्या.” मग खाली मान घालून म्हणाली, “मी खोटं बोलले, भाऊ.”

मी त्यांचा हात हातात घेतला. अजून उबदार होता.

ती ते खोटं बोलली तेव्हा मी जिन्यातच होतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर. आयुष्यभराच्या त्या खोट्यातलं हे एक खरं निघालं होतं, आणि ते त्यांना सांगायला मला एक मजला उशीर झाला.

अजूनही घरी आलो की कुलूप उघडण्याआधी मी दारावर दोनदा टकटक करतो.