एका पत्त्यावरची माणसं

“गावाबाहेरच्यांचा पुळका हिला येणारच,” शिरीष म्हणाला. मराठीत. हसत हसत.

मीटिंग रूममध्ये आम्ही आठ जण होतो. मराठी कळणारे दोघंच, तो आणि मी. आमची डायरेक्टर लिंडा, तिनं विचारलं, काय म्हणाला तो? शिरीषनं इंग्रजीत सांगितलं, “हिचं मन फार मोठं आहे, एवढंच म्हणालो.” सगळे माझ्याकडे कौतुकानं बघायला लागले. आणि मी हसले. मान डोलावून, दात दाखवून हसले. शिरीषचं बोलणं मी एखाद वेळी विसरेनही. माझं ते हसणं नाही विसरणार.

काम असं होतं. इथे अमेरिकेतल्या काही राज्यांनी मिळून पुढच्या तीस वर्षांचा आराखडा केला होता. वस्ती कुठे वाढणार, रस्ते कुठून, पाण्याची लाइन कुठवर. आता लोकसंख्येचे नवे अंदाज आले. आधी वाटलं होतं तेवढी माणसं वाढणार नाहीत, म्हणून आराखडा आवळायचा. ते काम आमच्या कंपनीकडे आलं. ईडन प्रेरीतलं छोटं ऑफिस. शिरीष माझा मॅनेजर, मी तक्ते करणारी.

नव्या तक्त्यातून एक ट्रेलर पार्क, चाकांवरच्या स्वस्त घरांची वस्ती, गायब झालं होतं. जुन्या आराखड्यात तिथवर पाण्याची लाइन जाणार होती. पण आमच्या नव्या मॉडेलमध्ये एक पत्ता म्हणजे एक घर, आणि त्या अख्ख्या पार्कला टपालाचा पत्ता एकच, फाटकापाशी. शंभरावर दारं, मॉडेलच्या लेखी एक कुटुंब. इतकी लहान वस्ती ‘उर्वरित’ नावाच्या ओळीत ढकलायची अशी पद्धत आहे. उर्वरितला पाणी नसतं. मी मीटिंगमध्ये एवढंच म्हटलं की जाऊन दारं मोजायला हवीत. त्यावर ते वाक्य आलं.

मी कुठली, हे त्याला ठाऊक होतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यानं घरी जेवायला बोलावलं होतं. आडनाव विचारलं, त्यावरून काही कळेना. गाव विचारलं. मग वरण वाढता वाढता, “गावात कुठल्या अंगाला?” वीस वर्षं अमेरिकेत काढली, सिटिझन झाला, पण हा प्रश्न लग्नातल्या शालूसारखा जपून ठेवला होता. मी म्हटलं, ओढ्यापलीकडे. “बरं, बरं,” म्हणाला. त्यानंतर त्यांच्या पॉटलकला, जिथे प्रत्येकानं एक पदार्थ न्यायचा असतो, मी नेलेला डबा झाकणही न उघडता परत यायचा.

ओढ्यापलीकडे म्हणजे काय ते सांगते. मी नऊ वर्षांची असेन. जनगणनेला आमच्याच शाळेतले मास्तर आले. आले म्हणजे ओढ्याच्या काठापर्यंत. पाणी घोट्याएवढंही नव्हतं. ते गावाकडच्या काठावरच्या दगडावर बसले, मांडीवर कागद घेतले आणि तिथूनच ओरडले, “घरात किती?”

बाबा ओरडले, “आठ जन आहो जी!”

मास्तरांनी काहीतरी लिहिलं. आईला शंका आली. माझा भाऊ तेव्हा पंधरा दिवसांचा. तिनं त्याला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरलं, मास्तरांना दिसावा म्हणून. तो टाहो फोडून रडत होता. मास्तरांनी मान वर केली नाही. “राहू दे, अंदाजे लिहितो.” पुढे नळयोजना आली ती गावाच्या बाजूलाच थांबली. कागदावर आमची वस्ती लहान होती.

म्हणून मी शिकले. नियोजनाची पदवी घेतली. नकाशा काढणाऱ्यांत आपलं एक माणूस असावं म्हणून. आणि बसले कुठे? मास्तरांच्या दगडावर.

त्या शनिवारी घरात पाय ठरेना. गाडी काढली, दोन तास ड्राइव्ह करून त्या पार्कला गेले. पहिलं दार वाजवलं. रोझा नावाची बाई, कोंबड्या कापायच्या कारखान्यात कामाला. सोप्या इंग्रजीत मी सांगितलं, मोजायला आलेय. तिचं इंग्रजी तोडकं. ती बाजूला झाली आणि म्हणाली, “आत ये. आत येऊन मोज.”

सात जण. तिनं मला नळाचं पाणी दिलं नाही, विकतची बाटली उघडून दिली. नळाचं पाणी मग बेसिनमध्ये सोडून दाखवलं. पार्कच्या बोअरचं, चहाच्या रंगाचं होतं. रविवार संध्याकाळपर्यंत मी सगळी दारं फिरले. पाय दुखत होते आणि राग येत होता, सगळ्यात जास्त स्वतःचा.

सोमवारी तक्ते फायनल व्हायचे होते. प्रत्येक तक्त्याखाली एक ओळ असते, तयार करणाऱ्याचं नाव. तिथे माझं नाव टाईप झालेलं होतं. मी माझी मोजणी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, या तक्त्यावर मी सही करणार नाही. शिरीष लिंडाकडे बघून हसला आणि त्याच गोड आवाजात मराठीत म्हणाला, “तुझी ग्रीन कार्डची फाइल माझ्या टेबलावर आहे, विसरू नकोस.”

माझा व्हिसा या नोकरीला बांधलेला. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर बॅग भरायची. बाबांचं औषधपाणी माझ्या पगारावर.

लिंडानं पुन्हा विचारलं, “काय म्हणाला?”

या वेळी मी सांगितलं. इंग्रजीत. फाइलचं सांगितलं. मग मागच्या मीटिंगमधलंही. ‘पुळका’ला इंग्रजी शब्द मिळेना, म्हणून सावकाश समजावलं. माझ्या माणसांना गावानं गावाबाहेर ठेवलं, म्हणून मला अशा माणसांची काळजी वाटणारच, असं हा म्हणाला. आणि मी तेव्हा हसले. ते हसणं मी आज परत घेते.

शिरीषचे कान लाल झाले. “हे आपण नंतर बोलू,” लिंडा म्हणाली. नंतर म्हणजे एचआर. एचआरनं ‘सांस्कृतिक गैरसमज’ असं लिहिलं. मला त्या प्रकल्पातून काढलं, नोकरी तेवढी राहिली. तक्ता शिरीषच्या नावानं गेला, पार्क उर्वरितमध्येच आहे. माझी फाइल अडकली आहे. यार, उगाच कशाला, असं दोन मराठी मैत्रिणींनी सांगून झालं.

गुरुवारी आराखड्यावर जनसुनावणी आहे. कुणीही येऊन तीन मिनिटं बोलू शकतं. रोझा येणार आहे, तिच्या नळाचं पाणी बाटलीत भरून. मोजणीचे कागद माझ्याकडे आहेत, दारागणिक, आत जाऊन केलेले. शिरीष कंपनीच्या बाजूनं समोरच बसलेला असेल.

मी बोलणार आहे. नाव सांगून, गाव सांगून. आणि कुणी विचारलं नाही तरी, ओढ्याच्या कुठल्या अंगाचं तेही सांगून.