भिंतीवरची नासपती

सर कुणाकडेही गेले की बेल वाजवण्याआधी दाराबाहेरच्या कुंडीतल्या झाडाचं एखादं पान उलटून बघायचे. नमस्कार नंतर. आधी निकाल. आम्ही सिंगापूरला चोआ चू कांगच्या ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर राहायला आलो, त्याच आठवड्यात माझ्या तुळशीचा निकाल लागला. मी दार उघडलं तर सत्तरीचे एक अनोळखी गृहस्थ माझ्या कुंडीपुढे उकिडवे बसलेले. मान वर न करता म्हणाले, "तुळस आहे ही, भात नाही. एवढं पाणी कशाला?"

ते शेजारच्या मंदारचे वडील. कोकणातल्या एका कृषी महाविद्यालयात एकतीस वर्षं फळबागांचा विषय शिकवून निवृत्त झालेले. पत्नी गेल्यावर मुलगा-सुनेकडे सिंगापूरला आले आणि कॉरिडॉरमधल्या कुंड्या सोडल्या तर हाताला माती लागायची सोयच राहिली नाही. मंदार आणि केतकी त्यांना बाबा म्हणायचे, बाकी आम्ही सगळे मराठी लोक सर. समोरची चिनी आंटी त्यांना प्रोफेसर म्हणायची आणि आपलं आजारी लिंबाचं झाड दोन्ही हातांत धरून त्यांच्यापुढे उभी राहायची, दवाखान्यात मूल आणावं तशी.

एकदा मरीन पेरेडच्या एका काँडोमध्ये, म्हणजे बड्या सोसायटीत, कुणाकडे तरी गणपतीला गेलो होतो. लॉबीत माणसाएवढी उंच झाडं ठेवलेली. सरांनी सवयीप्रमाणे पान उलटलं आणि हात झटकन मागे घेतला. झाड प्लॅस्टिकचं होतं. वर आरती सुरू झाली तरी ते खालीच. "हा सरळसरळ विश्वासघात आहे," असं त्या बिचाऱ्या सिक्युरिटीवाल्याला हिंदीत समजावून सांगत होते.

सिंगापूरवर त्यांचा राग एकाच कारणासाठी होता. इथे हिवाळा नाही. "इथल्या झाडांना सुट्टीच नाही गं," ते म्हणायचे. "वर्षभर नुसती वाढतात. विश्रांती नाही, पानगळ नाही. बघूनच मला दमायला होतं."

आता त्या घराच्या जाहिरातीबद्दल. मला विकायला काढलेली परदेशातली मोठमोठी घरं टॅबवर बघत बसायचा नाद होता. घ्यायचं काही नसतं, पण दुसऱ्याचं स्वयंपाकघर बघायला काय जातं? एका शनिवारी दुपारी सर चहाला आले होते, तेव्हा मी त्यांना फ्रान्समधलं एक घर दाखवलं. खेड्यातली अडीचशे वर्षांची दगडी हवेली, निळ्या खिडक्या, उतरतं छप्पर, मागे उंच भिंतींनी बंदिस्त केलेली बाग. मला वाटलं, थक्क होतील. ते म्हणाले, "घराचं राहू दे. ती मागची भिंत मोठी कर."

मी फोटो मोठा केला. भिंतीला सपाट टेकून झाडं उभी होती. मधोमध खोड आणि दोन्ही बाजूंना तारांवर आडव्या बांधलेल्या फांद्या. पण त्या आडव्या फांद्यांवरून शेकडो फुटवे सरळ वर उसळलेले. सर स्क्रीनवर वाकले. कपातला चहा तसाच.

"नासपती आहे ही," शेवटी म्हणाले. "भिंतीवर वळण दिलेली. हिला चार-पाच वर्षं कुणी हात लावलेला नाही. अजून दोन वर्षं अशीच गेली की वळण संपलं. मग ती नुसती झाडं."

त्यांनी मला त्याच बैठकीत पत्र टाइप करायला लावलं. घर विकत घ्यायची माझी ऐपत नाही, असं पहिल्याच वाक्यात स्पष्ट सांगून पुढे दोन पानं छाटणीबद्दल. मी हसतच ते दलालाकडे पाठवलं. उत्तर येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. दहाव्या दिवशी घराच्या मालकिणीचंच उत्तर आलं. मादाम पंचाहत्तरीच्या पुढच्या, एकट्या. झाडांना वळण त्यांच्या नवऱ्याने दिलं होतं आणि तो गेल्यापासून कुणी बागेत गेलं नव्हतं. बघायला येणारा प्रत्येक जण खोल्या मोजतो, भिंतीकडे तुम्ही पहिल्यांदाच पाहिलंत, असं त्यांनी लिहिलं होतं.

मग पत्रांमागून पत्रं. सर सांगायचे, मी इंग्रजीत टाइप करायचे; पुढे पुढे ते मादामशी फोनवरही बोलू लागले. मादाम फोटो पाठवायच्या, सर त्यांवर आकडे घालून परत पाठवायचे. एकवीस झाडं होती. डिसेंबरात त्यांनी माझ्याकडून फ्रेंचमधला एक कागद छापून घेतला. "कसला कागद, सर?" मी विचारलं. "छाटणीचं वेळापत्रक," ते म्हणाले. मला फ्रेंच येत नाही. मी दोन प्रती काढून दिल्या.

जानेवारीत सर महिनाभरासाठी पुण्याला बहिणीकडे गेले. तिकीट भाच्यानं काढलंय म्हणाले. मंदारनं त्यांना चांगी विमानतळावर सोडलं. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, "पोचलो. इथे थंडी आहे." जानेवारीत पुण्यात थंडी असतेच.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी केतकीकडे बसले होते. मंदार नुकताच ऑफिसातून आला होता. त्याच्या सुमाआत्याचा पुण्याहून फोन आला. त्याने स्पीकर लावला. आत्या आनंदाने म्हणाली, "अरे, दादाला दे फोन. वाढदिवस आहे ना त्याचा!"

मंदार हसला. "आत्या, काय चेष्टा करतेस? बाबा तुझ्याकडेच आहेत ना?"

 आत्याचा आवाज बदलला. "माझ्याकडे? नाही रे. दादा येणार होता का?"

ती दोन-तीन मिनिटं मी कधी विसरणार नाही. मंदार सरांचा नंबर पुन्हा पुन्हा लावत होता.  सरांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. फोन बंद लागत होता. सर खोटं बोलले, हे वाक्य आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात शिरत नव्हतं. हा माणूस बसमध्ये कार्ड टॅप झालं नाही असं वाटलं तर उतरून ड्रायव्हरकडे परत जाणारा.

आणि मग मला तो फ्रेंच कागद आठवला.  मी घरी धावले, फाइल उघडली, भाषांतर करून पाहिलं. ते निमंत्रणपत्र होतं. व्हिसासाठीचं.

मी मंदारला दाखवलं. "तुला माहीत होतं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नाही रे. पण छापून मीच दिलं." त्याने फाइल माझ्याकडून घेतली आणि नंबर शोधू लागला. चिडला असता तर बरं वाटलं असतं.

पत्रांमध्ये मादामचा नंबर होता. फ्रान्समध्ये सकाळचे अकरा वाजले होते. त्यांनी फोन उचलला आणि शांतपणे म्हणाल्या, "प्रोफेसर शिडीवर आहेत. बोलावते."

शिडीवर! मंदारने डोक्याला हात लावला. काही वेळाने धापा टाकत सरांचा आवाज आला. मंदार ओरडला, "बाबा, तुम्ही काय करताय हे? काही झालं असतं तर आम्हाला कळलं तरी असतं का?"

"ओरडू नकोस," सर म्हणाले. "विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास. तुझं बरोबरच होतं, म्हणून विचारलं नाही. सहा झाडं झाली, पंधरा राहिलीत. ती झाली की येतो."

"आत्ताच्या आत्ता परत या."

"अर्धी छाटून कसा येऊ?"

आले ते तीन आठवड्यांनीच. चांगीला मीही गेले होते. सर बारीक झालेले, दोन्ही हातांवर ओरखडे, नखं काळी. मंदारने बॅग उचलली आणि गाडीत घातली.  पुढे अकरा दिवस तो वडिलांशी बोलला नाही. सकाळी एकाच टेबलावर दोघं पोहे खायचे आणि केतकी दोघांच्या मधून मीठ सरकवायची.

मीही रागावले होते. एकदा कॉरिडॉरमध्ये त्यांना सरळ विचारलं, "सर, मला तरी का फसवलंत?"

ते लगेच म्हणाले, "तुझी चूक नाही, माझी आहे. माफ कर." मग कठड्याला हात टेकून खाली बघत राहिले. "एकतीस वर्षं मी ते झाड फळ्यावर काढलं, पल्लवी. अभ्यासक्रमात होतं. खडूनं भिंत, खडूनं फांद्या. कुठं छाटायचं, किती डोळे ठेवायचे, सगळं सांगायचो. झाड कधी पाहिलं नव्हतं. एकाही मुलानं विचारलं नाही, सर, तुम्ही हे केलंय का? विचारलं असतं तर हो म्हणालो असतो."

 इतका खरा माणूस, आणि आपण एकतीस वर्षं खोटेपणा केला असं त्याला वाटत होतं.

तिकडच्या उन्हाळ्यात मादामनी फोटो पाठवले. भिंतभर पांढरी फुलं येऊन गेली होती आणि बारीक फळं धरली होती. सरांनी ते केतकीला दाखवले, आंटीला दाखवले. मंदारला दाखवायला गेले तर तो "कामात आहे" म्हणाला. बोलणं सुरू झालं होतं, पण त्या विषयावर नाही.

सप्टेंबरात घर विकलं गेलं. मादामचं पत्र मीच वाचून दाखवलं, आणि वाचता वाचता थांबले. नव्या मालकांनी बंदिस्त बागेत पोहण्याचा तलाव करायचं ठरवलं होतं. झाडं उपटली होती. एकवीसच्या एकवीस.

खोलीत मंदारही होता. सरांपेक्षा तोच जास्त हादरला. "म्हणजे सगळं फुकट?" तो म्हणाला. "जिवावर उदार होऊन गेलात, आणि त्यांनी उपटून टाकली? मग गेलात कशाला बाबा?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "छाटायला," ते म्हणाले. "एक उन्हाळा ती जशी असायला हवीत तशी होती. फळं धरली होती त्यांना."

पुढच्या फेब्रुवारीत सर गेले. सकाळी खुर्चीत पेपर वाचत बसले होते, केतकी चहा घेऊन आली तर पेपर मांडीवर आणि मान कललेली. आजारपण नाही, हाक नाही. मंडाईच्या स्मशानभूमीत आंटी रांगेत सर्वांच्या पुढे उभी होती आणि सारखी म्हणत होती, "सो फास्ट, लाह. सो फास्ट." 

मादामना मी कळवलं. तेराव्यानंतर दोन दिवसांनी संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी मंदारकडे दिला. तो कोरडेपणाने आभार मानून ठेवणार होता, तेवढ्यात त्या काहीतरी बोलल्या आणि तो खाली बसला. त्याने स्पीकर लावला.

मादाम सावकाश इंग्रजीत सांगत होत्या. पहिल्या दिवशी तुमच्या वडिलांनी एकही फांदी कापली नाही. सकाळपासून अंधार पडेपर्यंत हातात कात्री घेऊन पहिल्या झाडापुढे उभे राहिले. मला वाटलं, मी एका तोतया माणसाला घरात घेतलंय. मी जेवायला बोलवायला गेले, तर त्यांनी कात्री माझ्या हातात दिली.  म्हणाले, मादाम, मला भीती वाटते. मला हे फक्त शिकवता येतं.

मंदार फोनकडे बघतच राहिला. "बाबा घाबरले होते?" तो मराठीत म्हणाला, आमच्याकडे वळून, जणू आम्हाला माहीत असावं. आम्हालाही माहीत नव्हतं. शिडीवरचे, हट्टी, "अर्धी छाटून कसा येऊ" म्हणणारे सरच आम्ही वर्षभर डोळ्यांपुढे धरून बसलो होतो.

पलीकडून मादामनी विचारलं, "तुम्ही ऐकताय ना?"

"हो," मंदार म्हणाला. गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलं नाही. खुर्ची फोनजवळ ओढून घेतली. "ऐकतोय. मग? दुसऱ्या दिवशी काय केलं बाबांनी?"