मामंजींचा डबल

आमच्या मामंजींनी आयुष्यात कुणाचा शब्द मुकाट्यानं मान्य केला असेल, तर तो फक्त झोपेत. जागेपणी समोरच्यानं काही ठामपणे म्हटलं की यांच्या तोंडून निघालंच, "डबल!" म्हणजे हे होणार नाही, लागली पैज. भाजीवाली म्हणाली, "गुरुजी, भेंडी एकदम कवळी हाय," की डबल, आणि लगेच एकेका भेंडीचं शेपूट मोडून तपासणी. माझे यजमान म्हणाले, "उद्यापासून पहाटे फिरायला जाणार," की डबल, आणि तो डबल मामंजी कधी हरले नाहीत. एकदा एका लग्नात माइकवरून पुकारलं, "लग्न बराबर टायमावर लागेल," तर हे पहिल्या रांगेतून ओरडले, "डबल!" नवरदेवाच्या बापाला वाटलं, गुरुजींना बुंदी जास्त हवीय. त्यानं वाढप्यालाच पिटाळलं.

हे सगळं वेड ब्रिजचं, पत्त्यांच्या खेळाचं. नोकरीत बदलीच्या गावी कुठंसं शिकलेला हा खेळ घेऊन मामंजी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि टेंभुर्णीला परत आले. गावात रमीवाले बक्कळ, तीन पत्तीवाले तर विचारूच नका. पण ब्रिजला चौघं लागतात, दोन-दोन भिडू समोरासमोर. दर रविवारी दुपारी आमच्या ओसरीवर मामंजी, त्यांचे भिडू पोस्टमास्तर, गावातले डॉक्टर आणि खताच्या दुकानाचे शेठ अशी बैठक बसायची. पोस्टमास्तर मुलाकडे पुण्याला गेले आणि बैठक मोडली. मामंजींचं जेवणातलं लक्ष उडालं. मग एका रविवारी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "सूनबाई, हात धुवून ये. भिडू पाहिजे."

माझं माहेर आष्टीचं. तिथं मी पत्त्यांना हात लावला तर आई लाटणं घेऊन धावायची, आणि इथं खुद्द सासरे शिकवायला बसले! "हे बघ, दुसऱ्या जोडीतला कुणी एवढे हात करतो म्हणत बोलीत फार वर चढला, की आपण डबल म्हणायचं, म्हंजे तुमच्यानं व्हत न्हाई. पण त्यानं नुसती सुरुवात केली अन् तुझ्या भिडूनं डबल म्हटलं, म्हंजे तो तुला इचारून राह्यला, की बाकीच्यात तुझा रंग कोणता? तवा पास म्हणायचं न्हाई." मी मान डोलावली. पहिल्याच डावात शेठ म्हणाले, "एक बदाम," मामंजी म्हणाले, "डबल," डॉक्टर म्हणाले, "पास." माझ्या हातात राजा-राणी सोडा, गुलामही नव्हता, सगळ्या दुऱ्या-तिऱ्या. एवढ्या मोठ्या माणसांत रिकाम्या हातानं काय बोलायचं? मी पदर सावरला आणि हळूच म्हटलं, "पास." झालं! शेठनी तो डाव दुप्पट मोलानं आरामात घेतला, वर दोन हात जास्तीचे.

मला वाटलं, आता मामंजी भडकणार. ते एवढंच म्हणाले, "पोरी, हातात काहीच नसलं तरी बोलायचं. मी इचारलं न तुला?" काय सांगू, लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण आज भाजी कोणती करायची हेसुद्धा मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मला तिथंच रडू आलं. त्यानंतर मामंजींना मला विचारायचा नादच लागला. नातीला शाळा कोणती, बोअर कुठं घ्यायचा, घराला रंग कोणता; आणि मी "तुम्हीच ठरवा" म्हटलं की हे अडून बसायचे. रंगारी दुपारपर्यंत चहा पीत बसला होता बिचारा. शेवटी मी घाईघाईत "पोपटी" म्हणून गेले. घर आजही पोपटी आहे. जाफ्राबादच्या रस्त्यावरून दिसतं.

गेल्या वर्षापासून मामंजी विसरायला लागले. हुकूम कोणता ते पुन्हा पुन्हा विचारायचे, कधी डॉक्टरांचंच पान उचलायचे. शेठ हसून सोडायचे. पण डॉक्टर नियमाचे पक्के, सख्ख्या भावाचंही चुकीचं पान माघारी घेऊ देणार नाहीत. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. गुरुजींना आता नुसतं बघत बसू द्या. माझा भाचा बदली होऊन इथं आलाय, चांगला खेळतो." रविवार काढून घेतला तर या माणसाकडे उरतं काय? मी म्हटलं, "अजून एक रविवार द्या."

"दिला. पण टेबलावर गोंधळ झाला, तर मंग मी ऐकायचा न्हाई."

त्या रविवारी मामंजी इस्त्रीचा सदरा घालून बसले. डॉक्टर "जयभीम गुरुजी" म्हणत आले, तेही माझी नजर चुकवूनच. सुरुवातीचे डाव बरे गेले. मग मी बोली उघडली, "एक इस्पिक." शेठ म्हणाले, "पास." मामंजींनी आपली पानं न्याहाळली, माझ्याकडे बघून गोड हसले आणि म्हणाले, "डबल."

अगं बाई! डबल दुसऱ्या जोडीला द्यायचा असतो, आपल्याच भिडूला कधीच नाही. नियमात बसतच नाही ते. शेठनी मान खाली घातली. पाळी डॉक्टरांची होती. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला.

"पास," डॉक्टर म्हणाले.

"बोल पोरी," मामंजी म्हणाले.

"दोन बदाम," मी कसंबसं म्हटलं.

"बराबर!"

तो डाव आम्ही दणकून हरलो. निघताना डॉक्टर चपला घालत पुटपुटले, "भाच्याला सांगतो, जागा रिकामी न्हाई." मी वळून पाहिलं तर मामंजी टेबलावर चौघांची पानं वाटत होते, दोघं उठून गेल्याचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. मी जाऊन त्यांच्यासमोर बसले आणि माझी पानं उचलली.