रुमालांचं चित्र

पोलिसातल्या नोकरीत तपासलेले बरेचसे गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेलेत. निवृत्तीनंतरचा हा एक तपास मात्र लख्ख आठवतो. २०२०मध्ये आम्ही नवराबायको साताऱ्याहून आयर्लंडला, स्लायगोत मुलाकडे गेलो आणि लॉकडाऊनमध्ये तिथेच अडकलो.

शेजारी चिली देशाची एक नर्स राहायची. तिचे वडील तिकडे कोविडने गेले, तिला अंत्यविधीला जाता आलं नाही. त्यांनी रंगवलेलं शेवटचं चित्र भावाने पाठवलं होतं: त्यांच्याकडच्या लोकनृत्यातली जोडी, हातात रुमाल. कुरिअरवाल्यांच्या नोंदीत ते पोचलं होतं, तिच्या दारात मात्र नव्हतं. कुंपणाच्या भिंतीपलीकडून ती म्हणाली, "त्यांचं एवढंच उरलं होतं." मला राहवलं नाही.

खबर समोरच्या म्हाताऱ्याने दिली. "युअर मॅन पांढऱ्या व्हॅनमधून आला, मोठा खोका ठेवून गेला. ग्रँड माणूस आहे." 'युअर मॅन' म्हणजे तिकडच्या बोलीत 'तो गडी', आणि 'ग्रँड' म्हणजे भला. चोराला जामीन राहायला असा शेजारी हवा!

पुढच्या फेरीला मी व्हॅनवाल्याला गाठलंच. एकच प्रश्न उलटसुलट विचारायची आमची जुनी पद्धत. मुलगा ओशाळला. "बाबा, प्लीज! इथे असं कुणाला इंटरोगेट नाही करत."

व्हॅनवाला शांत होता. खोटं बोलणारा आधी चिडतो, असा माझा अनुभव. त्याने फोनवर खोका ठेवल्याचा फोटो दाखवला. खोक्याच्या कडेला, उंबऱ्यापाशी, पांढऱ्या ठिपक्यांची ओळ होती. अख्ख्या गल्लीत तांदळाच्या पिठाची रांगोळी एकाच दारात निघायची. आमच्या.

काखेत कळसा नि गावाला वळसा! मी घरात येऊन चौकशी सुरू केली.

"आवो, म्या काय चोरी केली व्हय?" ही उसळली. "पोराच्या हापिसाचं असंल म्हणून शेडात ठिवलं. भायेरचं समदं तिथंच ठिवती न्हवं? रोग घरात याया नको." ठेवलं आणि विसरली.

खोका भिंतीवर ठेवून आम्ही मागे सरकलो. नर्सने तो उघडला आणि चित्र कवटाळून रडू लागली. जवळ जायची सोय नव्हती.

"पोरीला जवळ घ्यायाला कुणी न्हाई वो," ही पुटपुटली.

डोळे पुसत नर्स म्हणाली, या नाचात एकमेकांना शिवत नाहीत, रुमालानेच बोलतात. मुलाने ते हिला मराठीत सांगितलं.

नोकरीत मुद्देमाल परत केला, सही घेतली, की माझं काम संपायचं. मी घरात जायला वळलो. ही जागची हलली नाही. तिने कमरेचा रुमाल काढला आणि उंच धरून हलवला. क्षणभराने भिंतीपलीकडूनही एक रुमाल वर आला. खरं काम मुद्देमाल परत केल्यावर सुरू होतं, हे मला त्या दिवशी कळलं. मीही थांबलो.